मयताचं खातं

१९ फेब्रुवारी २०२३, लातूर

काल आलोकचा तेरावा झाला. पाहुणे गेले. त्याची आई, चंद्रप्रभा, देवघरापुढे बसून आहे, माझ्याशीही बोलत नाही. बत्तीस वर्षांचा मुलगा! हैदराबादच्या दवाखान्यात तेवीस दिवस, आणि मग ॲम्ब्युलन्समधून घरी. पुढचं लिहवत नाही.

२२ फेब्रुवारी

सूनबाईनं, अपूर्वानं, आज आलोकचा फोन माझ्यापुढे ठेवला. तो परदेशातल्या शिकवण्यांसाठी हलती चित्रं करायचा — पेशी कशी फुटते, रक्त कसं फिरतं. मोबदला डॉलरमध्ये, एका ऑनलाइन कंपनीच्या खात्यात. भाव वाढला की काढू म्हणून तिथेच पडू द्यायचा. चार लाख अठरा हजार आहेत! खात्याचा गुप्त आकडा अपूर्वाला त्याच्या वहीच्या मागच्या पानावर सापडला. म्हणाली, "मामा, बटण दाबलं की आपल्या बँकेत येतील. दाबू का?"

मी म्हणालो, "दाबू नको."

माणूस गेला की आधी मृत्यूची नोंद, मग वारसाची, मग पैसा. चौतीस वर्षं तलाठी होतो मी. भूकंपाच्या साली किल्लारीकडे एकानं मेलेल्या भावाचा अंगठा अर्जावर उमटवून आणला होता. तो कागद मी त्याच्यासमोर फाडला. आता घरचं आलं म्हणून कायदा बदलू?

ती फोन माझ्याकडेच ठेवून आत गेली.

२४ फेब्रुवारी

कंपनीला मेल केला. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, खाली माझी सही. इंग्रजी तीनदा तपासलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं.

२५ फेब्रुवारी

खातं बंद! सुरक्षेसाठी गोठवलंय म्हणे. अपूर्वाला सांगितलं. ती कणीक मळत होती. "मला माहीत होतं," म्हणाली, आणि मळत राहिली.

३ मार्च

कंपनीच्या मदतकक्षात कुणी सोफिया आहे. आमच्या दुःखात सहभागी आहे म्हणाली. मग कळवलं — कंपनी ज्या बेटावर नोंदलेली आहे, तिथल्या कोर्टाचा वारसदाखला लागेल. लातूरचा चालणार नाही. बेट नकाशात भिंग लावून शोधलं. शाईचा ठिपका पडावा एवढं.

शेवटी तिनं विचारलं, "आलोक, आमच्या सेवेला किती तारे द्याल?"

पाच दिले. त्या पोरीचा काय दोष.

९ मार्च

बसलिंगप्पा येऊन गेला. क्लासेसच्या भागात त्याचा गाळा आहे. अपूर्वा रसायनशास्त्राची एमएस्सी. तिथे तिचा स्वतःचा क्लास काढायचा असं तिनं आणि आलोकनं ठरवलं होतं. साडेचार लाख अनामत, पैकी पन्नास हजार आलोकनं दिलेले. "साहेब, जूनला नीटवाली पोरं येत्यात. गाळ्याला लाइन लागलीय बघा. तुमचं दुःख हाय म्हणून एप्रिलपतोर थांबतो. म्होरं मला बी बँकेचा हप्ता हाय." त्याचं काही चुकत नाही.

माझी ठेव, चंद्रप्रभाच्या पाटल्या, सगळं हैदराबादला गेलं. क्लास निघाला तर अपूर्वा आमच्यात राहील. नाहीतर तिचे वडील न्यायला तयारच आहेत, मुखेडहून दर रविवारी फोन येतो. मला ती इथे हवी आहे. ती गेली की आलोक पुन्हा एकदा जाईल. हे कुणाला बोललो नाही.

१६ मार्च

दिवसभर पायपीट. बँकेत हणमंत आहे, माझ्याच सज्जातल्या गावचा पोरगा. "तात्या, पैसे आमच्याकडं आलेच न्हाईत, तर मी काय करू सांगा?" रिझर्व्ह बँकेकडून उत्तर — ही कंपनी आमच्या यादीत नाही, त्यामुळे तक्रार घेता येत नाही. ग्राहक आयोगातल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "तक्रार घेते. निकाल बी लागंल तुमच्या बाजूनं. पण बजावायचा कुणावर? हितं त्यांचं कोण हाय?"

कुणीच नाही!

भूकंपानंतर मी ढिगाऱ्याशेजारी लोखंडी खुर्ची टाकून बसायचो. लोक यायचे, तोंडावर शिव्या घालायचे. फार राग यायचा तेव्हा. आज वाटतं, शिवी द्यायला समोर माणूस असणं ही केवढी सोय होती.

२६ मार्च

नांदेडला जाऊन आलो. पुतण्या अंबरीश तिथे सीए आहे. त्याला विचारलं, एवढी मोठी कंपनी, जगभर धंदा, मग त्या ठिपक्यावर का जाऊन बसली?

"काका, कर नाही म्हणून. आणि नियम ढिले. ग्राहकाचा पैसा वेगळा राखून ठेवायची सक्ती नाही. भांडण झालं तर कोर्ट तिथलंच. आपल्याकडं आले तर परवाना घ्यावा लागतो, तक्रारीला माणूस बसवावा लागतो. कोण करतंय? समदे असंच करून राहिलेत."

"पण आलोकला हे ठाऊक नव्हतं?"

"सत्तेचाळीस पानी अटी असतात काका. शेवटी 'मान्य' म्हणायचं. तुम्ही वाचल्या असत्या."

हो, मी वाचल्या असत्या. सगळ्या.

ऑफिस म्हणजे एक टपालपेटी, आणि त्याच पेटीच्या नंबरावर हजारभर कंपन्या. एका गुंठ्यावर हजार खातेदार! मी असा सातबारा लिहिला असता तर निलंबित झालो असतो.

येताना बसमध्ये आजोबा आठवले. ते सांगायचे, निजामाच्या काळात एक सावकार होता. देणंघेणं सगळं इकडे, बिऱ्हाड मात्र हद्दीपलीकडे बार्शीला, इंग्रजाच्या मुलखात. इकडच्या कोर्टाचं समन्स हद्दीवरच्या नाल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. म्हणजे नवीन काहीच नाही. फक्त नाल्याचा समुद्र झालाय.

४ एप्रिल

बेटावर रजिस्टर पत्र टाकलं. पोस्टातल्या मुलीला देश सापडेना. मीच दाखवला.

२९ एप्रिल

गाळा गेला. बसलिंगप्पानं पन्नास हजार परत आणून दिले, एक रुपया कापला नाही. चहा घेतला नाही. दारातच डोळे पुसून गेला.

३० एप्रिल

आज अपूर्वा बोलली. दोन महिने मी ज्याची वाट पाहत होतो आणि ज्याला भीत होतो, ते.

"मामा, तुम्ही खरं वागलात, त्याचा मला राग नाही. पण वारस कोण होतं?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"सांगा ना. तुम्हाला तर पाठ आहे."

पाठ आहे. मुलगा मयत, मूलबाळ नाही — वारस पत्नी आणि आई. बाप त्यात येत नाही. चौतीस वर्षांत शेकडो वेळा लिहिलंय. दुसऱ्याच्या दारात चूक निघाली असती तर मी नोंदच रद्द केली असती. इथे दोन वारस घरात बसलेले, आणि सही मी ठोकली! एकीलाही विचारलं नाही.

तिला म्हणालो, "चुकलो." ती रडली. मग मीही. चंद्रप्रभा देवघरातून उठून आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसली.

५ जून

कंपनीचा मेल. वापर नसलेल्या खात्यातून दरमहा देखभालीचा आकार कापला जाईल. पहिला कापला. बंद त्यांनीच केलं, आणि वापरत नाही म्हणून दंड आम्हाला!

मेल आलोकच्या नावानं आहे. दाखला पाठवून साडेतीन महिने झाले.

११ जून

अपूर्वाला नांदेडच्या एका क्लासमध्ये नोकरी लागली. परवा जाणार. चंद्रप्रभा तिच्यासाठी धपाटे करायला बसली, मीठ घालायचं विसरली. अपूर्वानं गुपचूप खाल्ले.

१२ जून

माझ्या फोनचा गुप्त आकडा, बँकेचं कार्ड, पेन्शनचं पासबुक — सगळं अपूर्वाच्या हातात दिलं. म्हणालो, "मी गेलो की आधी पैसे काढ. आपल्या तिघांत ठरलंय समज. दाखला नंतर."

ती बघतच राहिली. "मामा, ही चोरी झाली की."

मी म्हणालो, "हाव, झाली."