रजेवरचा बँड

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र घरी न पाठवता तुझ्या ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठवतोय, यावरूनच काहीतरी भानगड आहे हे तू ओळखलं असशील. फोन करणार होतो, पण तो भावोजी उचलतात, आणि हल्ली त्यांच्याशी बोलताना माझी जीभ अडखळते.

त्यांनी आपल्या मोठ्या बँडला चार महिन्यांची सुट्टी दिली, कारण सांगितलं नाही. चौदा वर्षं त्यांच्या मागे बसून ड्रम वाजवणाऱ्याला इतके दिवस घरी बसवत नाही. बायकोने दुसऱ्याच आठवड्यात सुनावलं की भांडी बडवायची असतील तर बाहेर जा. गेलो. बंद पडलेल्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं रोज सकाळी जमतो. बेस गिटारवर 'उंट' म्हणतात तो लंबू आहे. दुसऱ्या एका नावाजलेल्या बँडचा, तोही सध्या मोकळा. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, खिडकी उघडत नाही, दुपारपर्यंत तिघांचे शर्ट पिळून काढावे लागतात. सहा गाणी झाली. आमचं नाव ठेवलंय 'रजेचा अर्ज'. गातो मी. हसू नकोस.

आता खरं सांगतो. गिटारवर डॉक्टर आहे. हो, तोच, येईल त्या गिटारची आतडी बाहेर काढून दुरुस्त करणारा. बाहेर दुसऱ्यांबरोबर वाजवलं म्हणून भावोजींनी अकरा वर्षांपूर्वी ज्याला काढलं, तो. त्यांचा नियम मला पाठ आहे आणि मी तो मोडलाय. एवढ्यात त्यांच्याकडे बोलू नकोस.

तुझी माया नेहमी असतेच. या वेळी तिच्याबरोबर थोडं गप्प राहणंही असू दे.

तुझा,
ठोक्या


१३ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याआड बसून तुझं पत्र वाचलं. हसले नाही. लहानपणी तू न्हाणीघरात गायला लागलास की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे, ते आठवून फक्त लोकांची काळजी वाटली.

पण डॉक्टर? जगातले बाकीचे गिटारवाले संपले होते का? अकरा वर्षांत या घरात त्याचं नाव निघालेलं नाही. नियम मोडला म्हणून काढलं, असं तुम्ही सगळे म्हणता. मला विचारशील तर तो आज ना उद्या सोडून जाणार या धास्तीने ह्यांनी त्याला आधीच घालवला. पुढे कित्येक दिवस जेवताना ह्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

घरात वातावरण बरं नाही. हे फार कमी बोलतात. मी काम करता करता गुणगुणले तर उठून दुसऱ्या खोलीत जातात. कारण मला माहीत आहे, पण न सांगण्याचा शब्द दिलाय, तेव्हा विचारू नकोस. दोघांची दोन गुपितं पोटात ठेवून मी फिरतेय, आणि दोघंही मला शहाणी म्हणता.

महिना संपायच्या आत तू स्वतः येऊन ह्यांना सांग. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर मी मध्ये पडणार नाही.

जीव तुटतो म्हणून दटावते, एवढं समजून घे.

ताई


१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी तुमच्या फाटकापर्यंत आलो होतो. खिडकीतून भावोजींची पाठ दिसली. गळ्याला मफलर गुंडाळून एकटेच बसले होते. माझा हात फाटकाच्या कडीपर्यंत गेला आणि मी आल्या पावली परतलो.

वीस तारखेला दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात आमचा पहिला कार्यक्रम आहे. भिंतीवरच्या कागदांवर फक्त बँडचं नाव, माणसांचं एकही नाही. पण एका बातमीदाराने सरावाची टेप कुठूनतरी मिळवली आणि नुसत्या ठोक्यावरून मला ओळखलं. तो छापणार आहे. मी हातापाया पडलो, ऐकत नाही.

एक बोलू? माझीही चूक नाही असं कधी कधी वाटतं. चौदा वर्षांत माझं एक गाणं भावोजींनी घेतलं नाही. गेल्या तीन कार्यक्रमांत वरची पट्टी आली की ते माइक लोकांपुढे धरायचे आणि लोकांनाच गायला लावायचे. कंटाळलेत ते. मग आम्ही का कुजायचं?

रागावलीस तरी उत्तर लिही. तुझ्या रागाचीही सोबत वाटते.

ठोक्या


९ मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

बातमी छापून आली. 'मोठा बँड फुटला' असा मथळा, खाली तुझा आणि डॉक्टरचा जुना फोटो. ह्यांनी टेबलाशी बसून दोनदा वाचली. काही बोलले नाहीत. बोलू शकत नाहीत.

शब्द मोडतेय, पण आता इलाज नाही. ह्यांच्या स्वरतंतूवर गाठ होती. पाच तारखेला शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली, जिवाला धोका नाही, पण तीन आठवडे तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. माइक लोकांपुढे का धरायचे, ते आता कळलं ना? तू त्याला कंटाळा म्हणालास. ते वाक्य वाचलं तेव्हा हातातलं पुस्तक तुझ्या डोक्यात घालावंसं वाटलं.

पेपर बाजूला सारून ह्यांनी वहीत लिहिलं, डॉक्टर खरंच आहे का? मी मान डोलावली. तुला आधीपासून माहीत होतं का, असं त्याखाली लिहिलं. मी पुन्हा मान डोलावली. त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि आत गेले. तेव्हापासून वही कोरी आहे. एकाच घरात राहून आम्ही दोघं एकमेकांशी लिहीतसुद्धा नाही.

सध्या इकडे येऊ नकोस. आशीर्वाद आहेत, बाकी काही द्यायला आत्ता माझ्याजवळ नाही.

ताई


१४ मार्च

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.

कार्यक्रम रद्द करतो, असा निरोप तू ताईकडे पाठवलास. तिने तो वहीवर ठेवला, त्यामुळे निदान आमचं लिहिणं परत सुरू झालं. मला बोलायची बंदी आहे. लिहिताना ओरडता येत नाही, हा तुझा फायदा.

तुला माफ केलेलं नाही. ज्याच्या ठोक्याला पाठ टेकून चौदा वर्षं गायलो, त्याने फाटकातून परत जावं, हे ताईच्या वहीत वाचून लागलं. पण मीही दुखणं लपवलं, तेव्हा मोठ्या तोंडाने बोलायला मला जागा नाही. सध्या तोंडही नाही.

आवाज परत येईल, असं सर्जन म्हणतात. कसला येईल ते सांगत नाहीत. वरचे सूर बहुधा गेले. मोठा बँड पुढे चालेल की नाही, मला माहीत नाही. कळलं असतं तर तुम्ही सगळे दयेने थांबला असता, म्हणून सांगितलं नाही. आता रद्द केलंस तर तीही दयाच. मला ती नको. वाजवा.

मी येईन का, ते विचारू नकोस. डॉक्टरला माझ्या घशाबद्दल सांगायचं नाही.

तुझ्या बहिणीचा माणूस म्हणून तरी एवढं ऐक.

भावोजी


२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजी फिरायला जातो म्हणून निघाले होते, ते आमच्याकडे आले. तुला सगळं लिहून दाखवतील याची खात्री नाही, म्हणून मी लिहितो.

तिसरं गाणं सुरू झालं आणि ते मागच्या दारातून आत आले. लोकांनी लगेच ओळखलं. गायला या, गायला या, असा गलका झाला. ते जागचे हलले नाहीत. डॉक्टरने पाहिलं आणि त्याचा हात तारांवरच थांबला. उंटही थांबला. मी एकटा ठोका धरून होतो, कारण तो सोडला असता तर पुन्हा हात उचलला नसता.

डॉक्टरला वाटलं, हे आपला तमाशा करायला आले. तो माइकमध्ये म्हणाला की अकरा वर्षांत जे बोलायचं राहिलं असेल ते आत्ता सगळ्यांसमोर बोलून टाक. मला सगळं माहीत होतं आणि मी शब्द दिला होता. ताई, मी नुसता ठोका देत राहिलो.

भावोजींनी मफलर सोडला. गळ्यावर बोट ठेवलं आणि नकारार्थी मान हलवली. तुझ्या-माझ्यापलीकडे कुणाला कळू दिलं नव्हतं, ते त्यांनी दोनशे माणसांना दाखवलं. मग ते खुर्च्यांमधून सरळ पुढे आले आणि रंगमंचासमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

डॉक्टरने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग त्याने गाणं पहिल्यापासून सुरू केलं. मी बेसूर गायलो, पण कुणी उठून गेलं नाही.

नंतर दोघं जिन्यात बसले होते. भावोजी वहीत लिहीत होते, डॉक्टर वाचत होता. मी जवळ गेलो नाही.

चुकलो, एवढं कळलंय. बाकी समोर आलो की बोलेन. येऊ दे ना?

ठोक्या


२९ मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

ये. रविवारी ये, आणि बायकोलाही आण; मी एकटी तुला आवरू शकणार नाही.

सर्जननी परवापासून बोलायची परवानगी दिली, दिवसाला मोजून पाच मिनिटं. मोठा बँड थांबवायचं ह्यांनी ठरवलंय, ते तुम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगणार आहेत. तुमच्या तिघांच्या बँडचं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं, त्यात ह्यांचा शब्द नाही. फक्त तिसरं गाणं खालच्या पट्टीत घ्या, तुझा आवाज तिथे पोचत नाही, असं वहीत दोनदा अधोरेखित करून ठेवलंय.

पहिल्या दिवशीची पाच मिनिटं मी सकाळपासून मनात मोजत होते. तीन आठवडे वाट पाहिली होती, म्हणून समोर जाऊन बसले. ह्यांनी मला हातानेच थांबायची खूण केली आणि फोन उचलला. मी दाराबाहेर उभी राहिले. आतून आलेला आवाज मला ओळखू आला नाही. खरखरीत, खालचा, कुणा परक्याचा वाटावा असा. पलीकडे डॉक्टर होता. चूक माझी होती, असं हे म्हणाले, आणि मग उरलेला सगळा वेळ त्याचं ऐकत राहिले.

फोन ठेवून बाहेर आले. मी विचारलं की आता मला काय सांगता. ह्यांनी घड्याळ दाखवलं. पाच मिनिटं संपली होती. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले.

वाट पाहते. तोवर दोघांनी आपापली तब्येत जपावी.

ताई