पळसाची पट्टी चांगुणेस

चि. उत्तमराव, तुझी खोकल्याची ढास थांबली का? थोरल्या सूनबाई पुष्पाबाईंचा गुडघा कसा आहे? निर्गुडीचा पाला शेकायला सांगितला होता, शेकतात की नुसत्याच कण्हतात? नातवाचे दात आले का? माझ्या पायांची सूज पोटावर चढली. म्हणून हा कागद. नक्कल तुला धाडत आहे.

मी गोजरबाई शंकरराव लहाने, राहणार उंद्री, तालुका चिखली. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. माझ्यामागे माझे असे द्यावे.

घर उत्तमरावास. परसातला अडुळसा मात्र तोडू नये. तुझ्या ढासेला तोच लागतो.

बांधावरचे बिब्याचे झाड पुष्पाबाईंस. तेल सुईच्या टोकाने लावावे. मागे बोटाने लावून गाल सुजवून घेतला आणि दोष मला दिला. मी तो मनातून काढला आहे, जवळजवळ.

नाल्याकाठची पळसाची पट्टी माझ्या बापाने मला दिलेली, माझ्या नावावर आहे. ती धाकटी सून चांगुणा हिला. तिचा नवरा, माझा धाकटा रामराव, दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता उन्हाने गेला. पळसाच्या पत्रावळी ती आधीही लावायची, तेव्हापासून पोटच त्यांच्यावर भरते. उत्तमराव, तू म्हणालास, "आई, चांगुणाले तिच्या माहेरी धाडून दे. पळस तोडू, कपाशी लावू." मी म्हणाले, "अन् तिनं खावं काय बे, तुही कपाशी?" तू उठून गेलास. पळसाला हात लावायचा हक्क तुला नाही, हे इथे लिहून ठेवते.

यंदा शेजारच्या झुंबरबाईच्या लेकीचे लग्न होते. मांडवातून पत्रावळींचे गठ्ठे परत आले. रांडमुंड बाईच्या हातचे शुभकार्यात नको म्हणे. मागल्या साली हेच हात होते, हीच पाने होती. तेव्हा नवरा होता. चांगुणाने ते गठ्ठे गाईपुढे टाकले आणि चूल पेटवली नाही.

म्हणून माझ्या तेरवीला पंगत तिच्याच पत्रावळींवर बसावी. पहिले पान उत्तमरावाने मांडावे. ज्याला चालत नसेल त्याने घरी जेवावे, मला राग नाही.

झुंबरबाईलाच साक्षीला बसवले. वाचून दाखवले तेव्हा म्हणाली, "गोजरबाई, हे काऊन लिवलं?" मी म्हणाले, "खोटं असंल तर सांग." तिने अंगठा पुढे केला.

उत्तमराव, पान मांडशील की नाही, एवढेच लवकर लिहून कळव. मला फार दिवस वाट पाहता येणार नाही.

सही: गोजरबाई शंकरराव लहाने
साक्षीदार: झुंबरबाई (डाव्या हाताचा अंगठा), पुंजाजी सुतार (सही)
उंद्री, २४ नोव्हेंबर १९७४