बाबाचं कुलूप

प्रिय लुशा,

वीजघरातली उमेदवारी पत्करू का, हे विचारणारं तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मी 'हो' म्हटल्याशिवाय सही करणार नाहीस म्हणे. एवढी आज्ञाधारक कधीपासून झालीस, बाई?

मला भीती वाटते. वर्गात सेल, तार आणि इवलासा दिवा जोडायला मीच शिकवते. निघालेली वीज फिरून परत आली तरच दिवा लागतो. वाटेत तार सुटली की गेला. पोरं टाळ्या पिटतात. पण कूटनी नदीच्या पाण्यावर फिरणारं ते अजस्र चाक, तांब्याच्या वेटोळ्यांत गरगरणारं लोहचुंबक आणि त्यातून निघणारी वीज, तिथे टाळ्या नाहीत. वाटेत माणूस आला तर ती माणसातूनही जाते. तुझा बाबा त्या वीजघरात जन्मभर राबला आणि गेल्या हिवाळ्यात साध्या आजाराने गेला, तरी माझी धास्ती गेली नाही.

तू पाळण्यात होतीस तेव्हाची गोष्ट. दुरुस्तीला उतरण्याआधी मुख्य खटका पाडून प्रत्येकाने त्यावर आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्याच खिशात, आणि कुलूप निघेपर्यंत वीज सुरू करायची नाही, ही तिथली रीत. त्या दिवशी मावशीचं लग्न. तुझा बाबा पेत्या काम उरकून, कुलूप तसंच विसरून, रानात अळंबी वेचायला गेला! गावाला वीज त्या एकाच वीजघराची. लग्नाच्या सभागृहात विजेच्या शेगडीवरचं बोर्श्ट, आपलं बिटाचं सूप, अर्धकच्चं राहिलं. आजी कडाडली, "अरे, कापा की ते मेलं कुलूप!" मुकादम वासिल ढिम्म. "पेत्या डोळ्यांना दिसल्याशिवाय नाही, काकू. तो आत यंत्रात असला तर?"

निम्मं गाव त्याला शोधत होतं, उरलेलं अंधारात गात बसलं होतं. बाबा भरली टोपली घेऊन आला, तेव्हा मी त्याला सगळ्यांदेखत झापलं आणि मग त्याच्याच गळ्यात पडून रडले.

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं हसण्यावारी नेली. तुझं पत्र आल्यावर पहिल्यांदा नीट आठवली. एका विसरभोळ्या माणसासाठी अख्खं गाव खोळंबलं, पण त्या कुलपाला कुणी हात लावला नाही. अशा माणसांत तुला धाडायला माझी हरकत नाही. सही कर. सोबत बाबाचं कुलूप पाठवते आहे. किल्ली एकच आहे, ती तुझ्याच खिशात राहू दे. आणि रोज काम झालं की ते आपल्या हाताने काढून घरी ये.

तुझीच,
आई