हॉलच्या छताला एकच हुक

गुरुवार, २७ एप्रिल २००६. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं.

शिडीवर उभा राहून हॉलच्या छताची उंची मोजत होतो. तिसऱ्यांदा. नऊ फूट दोन इंच. कालही तेवढीच भरली होती. गोदावरी खालून म्हणाली, "रात्रीतून वाढली का?" बायकोनं असं बोलू नये!

रविवारी वास्तुशांत. तो खर्च उरकला की दिवे घ्यायचे. शहागंजातल्या दुकानात चार वेळा जाऊन ठरवून ठेवलेत. दोन भिंतींवर दुधी काचेचे गोल दिवे, पितळी पट्टीचे. दारात एक लहान, कंदिलाच्या आकाराचा. एकूण २,३५०. मधल्या हुकाला पंखा. स्लॅब टाकताना कॉन्ट्रॅक्टरला दोन हुक सांगितले होते. मी त्या दिवशी वाळूजला कंपनीत, दुसऱ्या पाळीत – त्यानं एकच सोडला! म्हणे, "एवढ्याशा हॉलला दोन कशाला?" हॉल माझा, हप्ते माझे, आणि हे कोण ठरवणार!

एकच हुक, तर पंखाच. आमची चिमी पाच महिन्यांची आहे, अंगभर घामोळ्या.

दहावीत दोनदा नापास झालो असेन. पण या घरात निदान दिवे तरी माझ्या मनासारखे लागतील.

रविवार, ३० एप्रिल

वास्तुशांत झाली. आईचा भाऊ पुंजाराममामा फुलंब्रीहून आला, जीपच्या टपावर खोकं बांधून. सगळ्यांसमोर उघडलं. झुंबर! आठ दिव्यांचं! सोनेरी फांद्या, खाली काचेचे लोलक. बायका "अगं बाई" करत जमल्या. मामा म्हणाला, "भाच्याच्या घरात उजेड पडला पाहिजे. व्हय का नाय?" जसा काही मी आजवर अंधारात बसलो होतो.

मला कुणी विचारलं? गुरुजींचं जेवण व्हायच्या आत कडूबा वायरमन शिडीवर चढला. मी म्हणालो, हुक एकच आहे. मामा म्हणाला, "मग पंखा काढ की! वाऱ्याला टेबलावरचा बी चालतो." पंखा काढला – माझ्या डोळ्यांदेखत! आई पदर डोळ्याला लावून वर बघत होती. भावाचा आहेर. तिच्यापुढं काय बोलणार.

पावणेपाचला झुंबर लागलं. पाचला लाइट गेली, लोडशेडिंग.

सोमवार, १ मे

झुंबराची उंची अडीच फूट. खाली सहा फूट आठ इंच उरतात. कडूबा उंच आहे, त्याला आमच्याकडं आळस देता येणार नाही. चाळीसचे आठ बल्ब म्हणजे तीनशे वीस वॅट. इन्व्हर्टर ओरडतो. लोलक एकशे बारा. मोजले. ते पुसणार कोण? मामा येणार का फुलंब्रीहून?

आई मामाबरोबर गेली, पंधरा दिवसांसाठी.

बुधवार, ३ मे

बेचाळीस डिग्री. टेबलफॅन चिमीच्या तोंडावर धरला की शिंकते, बाजूला फिरवला की रडते. वर एकशे बारा लोलक, एकही हलत नाही. गोदावरी म्हणाली, "महिनाभर राहू द्या. मामांना वाईट वाटेल." म्हणालो, सगळ्यांना वाईट वाटायची मुभा आहे, मलाच नाही का? ती चिमीला घेऊन आत गेली. मला अजून बोलायचं होतं.

गुरुवार, ४ मे

केलं!

कडूबाकडून उतरवलं, खोक्यात भरलं, रिक्षानं शहागंज. खोक्यावर शिक्का त्याच दुकानाचा, जिथं मी चार वेळा गेलो होतो. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "आहेर का है ना? आहेर वापस नहीं लाते, भाई." त्याला काय करायचंय! खोक्यावरच्या चिठ्ठीवर किंमत बावन्नशे. आता म्हणतो, "लगाया हुआ माल है. इकतीस सौ." चार दिवस टांगलं म्हणून झुंबर झिजतं का? अर्धा तास भांडलो. एक रुपया वाढवला नाही. त्यातूनच माझे दिवे घेतले, ७५० रोख आले. बिलावर "झूंबर" लिहिलं होतं. पेन मागून ऱ्हस्व उकार करून दिला. "मास्टर हो क्या?" नाही म्हणालो, कंपनीत स्टोअरला आहे.

पंखा परत हुकावर. भिंतींवर दोन दुधी गोल. खोली किती शांत दिसते! चिमी पाच मिनिटांत झोपली. गोदावरी दिव्यांकडं बघत राहिली. "छान आहेत," म्हणाली. मग म्हणाली, "आईंना काय सांगायचं?"

शुक्रवार, ५ मे

कंपनीची शुक्रवारची सुट्टी. माझ्या दिव्याखाली बसून पेपर वाचला. सगळा. जाहिरातींसकट.

शनिवार, ६ मे

संध्याकाळी मामाचा फोन. "झुंबर कसं दिसतं रे?" – "झकास, मामा!" तोंडातून निघूनच गेलं. "समदे बल्ब लागत्यात ना?" – "आठच्या आठ!" मामा नुसता खाकरला. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी, चौदा तारखेला मंदाला बघायला जालन्याचे पाव्हणे यायलेत. पोरगा सर्व्हिसला हाय. तुझ्याकडंच बसू. शहरातलं घर हाय, झुंबर हाय. मी सांगितलंय त्यांना."

सांगितलंय! मला न विचारता! म्हणजे झुंबर माझ्यासाठी नव्हतंच. जालन्याच्या पाव्हण्यांसाठी होतं. मामानं पोरीचं लग्न माझ्या छताला टांगलं!

मंदाची दोन स्थळं गेल्या वर्षी बघून परत गेली. मामाच्या पत्र्याच्या घरात दिवसाढवळ्या अंधार असतो. आई म्हणायची, पोरगी नाकीडोळी इतकी नीट, पण त्या अंधारात कुणाला दिसलीच नाही. हे मला आज आठवतंय.

रविवार, ७ मे

दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. "वो तो कल दोपहर को ही बिक गया." कितीला? "उनचास सौ." माझ्याकडून ३,१०० ला घेतलेलं! दोन दिवसांत अठराशे! तोंडावर सांगतो, लाज नाही. कुणी नेलं विचारलं तर म्हणतो, "नाम क्यों पूछूँ? नगद दिया, मोलभाव भी नहीं किया." असे मूर्ख लोक आहेत म्हणून यांचं फावतं!

बुधवार, १० मे

गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट. तसलं कुठंच नाही. एक मिळालं – सहा दिव्यांचं, चंदेरी. मामा काय आंधळा आहे?

शनिवार, १३ मे

गोदावरी म्हणते, खरं सांगून टाका. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला.

सोमवार, १५ मे

काल लिहायला बसलो होतो. जमलं नाही.

पाव्हणे साडेअकराला येणार होते. नऊलाच जीप आली. मामा, आई, मंदा. मागं कडूबा, त्याला रस्त्यातूनच उचललेलं. मामाच्या मांडीवर खोकं. मी दारात म्हणालो, "मामा, ते झुंबर..." मामानं वर पंख्याकडं बघितलं. मग भिंतींवरच्या दिव्यांकडं.

"चांगले हायेत," म्हणाला. कडूबाला म्हणाला, "पंखा उतरव."

खोकं उघडलं. तेच झुंबर. मी विचारलं, कुठून आणलं?

"शहागंजात गेलतो, जादाचे बल्ब घ्यायला. तिथं दिसलं. ओळखीचं वाटलं."

एवढंच. आई माझ्याकडं न बघता आत गेली.

शनिवारी दुपारी विकलं, असं दुकानदार म्हणाला होता. मामाचा फोन शनिवारी संध्याकाळचा. म्हणजे तो विचारत होता तेव्हा झुंबर त्याच्या घरात होतं. आणि मी इकडं आठच्या आठ बल्ब लावून दाखवत होतो!

पाव्हणे आले तेव्हा लाइट होती. मंदा चहा घेऊन आली आणि बरोबर झुंबराखाली थांबली. मुलाच्या आईनं आधी वर बघितलं, मग मंदाकडं. बराच वेळ मंदाकडंच. उकाड्यानं मामाचा सदरा पाठीला चिकटला होता. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "झुंबर भारी आहे. कुणी आणलं?" मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार.

मामा म्हणाला, "भाच्याची आवड हाय."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

पाव्हण्यांची गाडी वळली न वळली तोच मामानं कडूबाला पुन्हा शिडीवर चढवलं. "पंखा लाव लवकर. लेकरू उकडायलंय." झुंबर खोक्यात, खोकं जीपमध्ये. मी म्हणालो, मामा, राहू द्या, इथंच राहू द्या. म्हणाला, "कुठं? हुक तर एकच हाय."

आई परत त्याच्याबरोबर गेली.

गुरुवार, १८ मे

जालन्याहून पसंती आली. मामाला फोन केला. विचारलं, मंदाला आहेर काय करू? म्हणाला, "पंखा कर. अन् पावती बी दे संगं. उद्या बदलायचा म्हणली तर पोरीला दुकानात भांडावं लागाया नको."

मामाचे गेले – ५,२०० + ४,९०० = रु. १०,१००.
मला मिळाले – रु. ३,१००.
देणं – एक पंखा, पावतीसकट.