चौथ्या मजल्याचं दार

३ मार्च
जमलं एकदाचं! विजेचे आकडे, लिफ्टच्या फेऱ्या, दारांवर लागलेली कार्डं, हवेचे सेन्सर – आजवर चार दिशांना तोंडं करून बसले होते, आता एकाच पडद्यावर. नावं नाहीत, नुसते आकडे. पण मी जिथे काम करते ती इमारत काय करतेय, ते एका नजरेत कळतं. साहेब खूश. मी तर हवेतच.

बाबा आजही दुपारभर बागेत. आई गेल्यापासून घरात हूं की चूं करत नाहीत. एकटेच बसत असतील बाकावर.

५ मार्च
पहिला मासा गळाला! चौथ्या मजल्यावरचं वाचनालय. दुपारी कार्ड लागतं जेमतेम एक, आणि एसी अख्ख्या हॉलचा. एप्रिलपासून दुपारी हॉल बंदच ठेवू, असं सुचवलं. साहेबांनी तिथल्या तिथे मान डोलावली.

८ मार्च
मनात पाल चुकचुकतेय. हवेचा सेन्सर सांगतो, हॉल दुपारी माणसांच्या श्वासांनी भरलेला. लिफ्टही भरून वर जाते. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सेन्सर बिघडला असेल, बदलून टाकू. आणि लिफ्टसुद्धा बिघडली?

९ मार्च
बाबांना म्हटलं, रजा काढते, बागेत तुमच्यासोबत बसते. घाईघाईने नको म्हणाले. वाईट वाटलं.

११ मार्च
वाचनालयाच्या बाईंना फोन केला. त्या हसतच सुटल्या. एक आजोबा कार्ड लावतात आणि दार धरून उभे राहतात, मागची सगळी मंडळी आत! यंत्राच्या लेखी माणूस एकच. सभ्यपणाने माझं गणित बुडवलं. मंडळी भारी गप्पा मारतात म्हणे, सगळ्यांत बडबड्या तो दार धरणाराच. त्याला रोज गप्प करावं लागतं.

साहेबांना चूक सांगून टाकली. म्हणाले, स्वतः बघून या, मग ठरवू. जीव हलका झाला.

१२ मार्च
दुपारी त्या मंडळींच्या मागे जाऊन उभी राहिले. दार धरणारा कोणाला तरी हसवत होता. मान न वळवताच मलाही म्हणाला, "या, या."

बाबा होते.

मला बघून गडबडले. मग हळूच म्हणाले, "तुझ्या कामात लुडबुड नको, म्हणून बोललो नाही गं. पण होतो तुझ्याच छपराखाली."

मी आत जाईपर्यंत दार धरून उभे होते.