गाडीने ढकललेला बर्फ आणि झाडायला लावलेली राख

प्रति,
मा. प्रमुख, रस्ते व पदपथ विभाग,
नगर कार्यालय, ब्झेझिनेत्स

विषय : २३, ओग्रोदोवा रस्ता येथील पदपथाबाबतची नोटीस मागे घेणे.
संदर्भ : श्रीमती गेनोवेफा मिकोस यांच्या नावे आलेली आपली दि. २१ जानेवारीची नोटीस.

महोदय,

म्हातारीचा खुबा तुमच्या कार्यालयाने मोडला. नोटिशीत "घसरून पडल्या" असे लिहिले आहे, ते खोटे आहे.

१. घरासमोरचा पदपथ घरमालकाने साफ करावा, हा कायदा मला मान्य आहे. मी अडतीस वर्षे छपरे घातली. कायदा शिकलो नाही, पण फावडे कळते. गेनोवेफाबाई माझ्या शेजारीण, वय एक्क्याऐंशी. सकाळी सहाला त्या पदपथ लख्ख करत. सातला तुमची बर्फ हटवणारी गाडी रस्त्याचा सगळा राडा त्यांच्या दारात ढकलून जाई. एकदा त्यांनी गाडी अडवली. चालक म्हणाला, "आजी, मला रस्ता सांगितलाय. फुटपाथ तुमचा." बाई म्हणाल्या, "फुटपाथ माझा, पण बर्फ तुझा. घे डोक्यावर आणि ने घरी!" तो हसला आणि गेला.

२. राडा गोठून काचेसारखा झाला, फावडे चालेना. म्हणून पाय घसरू नये यासाठी त्यांनी शेगडीतली राख टाकली, आमच्या गल्लीत सगळेच टाकतात तशी. १७ तारखेला तुमचा नगररक्षक आला. "आजी, राख म्हणजे कचरा. आत्ताच्या आत्ता झाडा, वाळू टाका." नगराची वाळूची पेटी चर्चपाशी, आणि आतली वाळू दगड झालेली. बाई गणवेशाला घाबरतात. त्यांनी चिमूटभरही न ठेवता राख झाडली आणि झाडू हातात असतानाच तिथे पडल्या. रक्षक तोवर पुढच्या दारातली राख तपासत होता.

३. १८ व १९ तारखेला पदपथ साफ नव्हता, असे नोटीस म्हणते. खरे आहे. बाई रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी आत होत्या, मी बाहेर बाकावर. त्यानंतर रोज मी साफ करतो. नोटीस मी त्यांना दाखवलेली नाही. रोज विचारतात, "ल्युत्सियान, फुटपाथ केलास ना रे? नाहीतर ते येतील." दाखवली तर खाटेवरून उतरू पाहतील.

४. ९ फेब्रुवारीला त्या वॉकर धरून घरी येणार. त्या सकाळी तुमची गाडीही येणार. तिने टाकलेला ढीग दारातून कोण काढणार? मला कलम नको, माणसाचे नाव हवे. ८ तारखेच्या आत लेखी, सहीनिशी उत्तर द्या.

उत्तराशिवाय न हलणारा,
ल्युत्सियान वोइदा
२५, ओग्रोदोवा रस्ता
दि. २९ जानेवारी