अक्का, तू हसली नव्हतीस

प्रिय अक्का,

तू जाऊन दोन महिने झाले आणि आज मी तुला पत्र लिहितोय. जिवंत होतीस तेव्हा एक ओळ लिहिली नाही. लिहिली असती तर म्हणाली असतीस, "लिवत बसायला येळ हाय तर दळन घिऊन ये." पण काल तुझ्या सासरी, कोरेगावात जे ऐकून आलोय, ते सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही. आणि तुझ्याइतकं ते कुणाला कळणार?

तुझ्या नावानं व्याख्यान झालं, अक्का! विषय काय, तर 'संकटावर मात'. बाहेर फ्लेक्स लावलेला. त्यावर तुझा फोटो सुपारीएवढा आणि तुझ्या दिराचा दाराएवढा. हो, तोच दीर. दवाखान्यातून सुटलीस त्या दिवशी साताऱ्याच्या स्टँडवर आई, तू आणि मी, तिघांना सोडून "मला काम हाय" म्हणत गाडी लागायच्या आत पळालेला. आता पुढारी झालाय. फ्लेक्सवर छापलं होतं, 'आमच्या घराण्याच्या प्रेरणामूर्ती सूनबाई'. सूनबाई! उजवा हात नाही म्हणून फारकतीच्या कागदावर तुझा डावा अंगठा दाबून घेतला, तेव्हा कुठं गेलं होतं हे घराणं?

वक्ता पुण्याहून आणलेला. अंगात कोट, कानाला माइक, आणि दर दोन वाक्यांनी "टाळ्या झाल्या पाहिजेत!" तो सांगत होता, दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तू हसलीस आणि म्हणालीस, "देवानं एक हात नेला, पण दुसरा ठेवला की!" सगळं सभागृह उभं राहिलं. माझ्या शेजारची बाई पदरानं डोळे पुसत होती.

कसलं हसलीस! हे वाक्य तुझं नव्हतंच. भेटायला आलेल्या एका शहाण्या बाईनं ते तुला ऐकवलं आणि तू पाण्याचा पेला तिच्या अंगावर फेकलास. नेम चुकला, कारण डाव्या हातानं फेकायची सवय नव्हती. मी तिथंच होतो. फरशी मीच पुसली.

त्या माणसाला काय माहीत? कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये वैरणीसाठी उसाचं वाढं सारताना मनगटापासून हात गेला, तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस. लग्नाला तीन वर्षं झालेली. आणि तुझा सासरा, वॉर्डाच्या दाराशी उभा राहून, तुला ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणाला, "एका हाताच्या बाईचं आमी काय करायचं? घरात भाकरी कोन थापनार?" तुझा नवरा खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. त्याचं कर्तृत्व तेवढंच. हे व्याख्यानात नव्हतं. कसं असेल? व्याख्यान भरवणारे तेच.

मग जतकडं, आपल्या घरी आलीस आणि सात महिने भिंतीकडं तोंड करून पडलीस. शेजारणी यायच्या, पाण्याच्या टँकरची वाट बघता बघता तासभर च्च च्च करायच्या. "धीर सोडू नगंस. चांगले दिस येतील." आईनं आणलेला चहा पिऊन, पदर झटकून जायच्या. त्यांचा धीर पेलाभर चहात बसायचा! त्या गेल्या की तू आणखी भिंतीला चिकटायचीस. चांगल्या शब्दांनी तुझं बोटसुद्धा हललं नाही, अक्का.

तू उठलीस ती वाईट बातमीनं. तुझ्या नवऱ्यानं दुसरं लग्न केल्याचं कळलं. आई कपाळ बडवत बसली. तू मात्र सात महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोललीस. "तिला भाकरी येती का गं नीट?"

"काय इचारतीस ह्ये?" आई रडायची थांबली.

"काय न्हाई. पीठ कुठं ठेवलंयस?"

त्या दिवशी परात जमिनीवर फिरत राहिली. पीठ मळायला गेलीस की परात पळे. शेवटी तू पायाच्या अंगठ्यानं ती दाबून धरलीस, तर आई किंचाळली, "अन्नाला पाय लावतीस व्हय गं?"

"मग तुजा हात दे. देतीस?"

आई बाहेर जाऊन बसली. तुझी पहिली भाकरी तव्यावर तीन तुकडे होऊन पडली. तू ती दारातल्या कुत्र्याला टाकलीस. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवून गेलं. तेव्हा तू हसलीस. दवाखान्यात नाही, तेव्हा. "आयला, ह्यालाबी सासऱ्याचं वळन लागलं!" म्हणालीस आणि पुन्हा पीठ घेतलंस. पुढं कोपऱ्यात ओलं पोतं अंथरून त्यावर परात रोवायची युक्ती काढलीस आणि पाय लावायची गरज संपली. पण डावं मनगट सुजायचं. रोज मीच तेल चोळून द्यायचो आणि रोज शिव्या खायचो.

दोन वर्षांनी इस्लामपुरात खोली घेऊन खानावळ टाकलीस. सैन्यभरतीसाठी पहाटे धावायचा सराव करणारी पोरं तिथंच जेवायची. "एका हातानं खानावळ?" म्हणून दात काढणारे पुढं तुझ्याच दारात ताट मागत उभे राहिले. तूही काही कमी नव्हतीस. "आता दोन्ही हातांनी जेवा," असं म्हणून वाढायचीस. लोकांना वाटायचं, किती आग्रह करते! मला माहीत होतं, तू त्यांची टर उडवत होतीस.

आणि मी? मला आठवलं तरी लाज वाटते. सैन्याच्या शेवटच्या भरतीत धावताना मागं पडलो, भरतीचं वय उलटलं आणि तुझ्या खोलीत येऊन चार दिवस चादर ओढून पडलो. वाटलं होतं, तू तरी जवळ घेशील. पाचव्या दिवशी तू चादर ओढून काढलीस आणि पुढ्यात कांद्याची पाटी आदळलीस. "रडायचं आसंल तर कांदा चीर. दोन्ही कामं हुतील."

किती राग आला होता तुझा! हिला काळीज आहे की नाही? केवळ तुला दाखवायचं म्हणून मोटर रिवाइंडिंग शिकलो, दुकान टाकलं. पहिली जळकी मोटर चालू करून सांगायला आलो, तर तू विचारलंस, "दुसरी कवा?" एकदा तरी पाठीवर हात ठेवला असतास तर काय बिघडलं असतं गं? ही माझी तक्रार आहे. ती तशीच राहू दे.

पुढं एकदा मी तुला सरळ विचारलं होतं. "अक्का, एवढं सगळं कशाच्या जोरावर केलंस?"

"राग रं. नुसता राग. सकाळी त्या म्हाताऱ्याचं त्वांड आठवायचं आनि हात चालायचा."

मला ते पटलं होतं. त्या कोटवाल्याच्या तासाभरापेक्षा ही दोन वाक्यं खरी वाटतात. पण अक्का, तेही पुरतं खरं नव्हतं. कारण मागच्या वर्षी तो म्हातारा, तुझा सासरा, खानावळीत आला.

डोळ्याच्या डॉक्टरकडं आला होता. काठी टेकत, डोळ्याला हिरवी पट्टी. त्यानं तुला ओळखलं नाही. मी दारात उभा होतो. वाटलं, आता ही ताट उधळणार, त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर मारणार. तू ताट वाढलंस. गरम भाकरी, वांगं, वर ठेचा. त्याला तुकडा मोडता येईना, तर डाव्या हातानं भाकरी कुस्करून दिलीस. दुसरा हात नाही हे त्याला दिसलं नाही. जेवून म्हणाला, "लय मऊ भाकरी हाय बाई. आमच्या घरात न्हाई आशी हुत."

तू त्याचं ताट उचललंस. तो गेल्यावर मी तुझ्यावर ओरडलो, "सांगितलं का न्हाईस? एवढ्या वर्सांचं!"

तू चुलीपुढं बसून राहिलीस. मग म्हणालीस, "काय सांगू? आंधळं म्हातारं. राग यावा म्हनून लय जोर लावला रं. आलाच न्हाई. सपला वाटतं." आणि मग, घाबरल्यासारखी, "आता उद्या उठायचं कशासाठी?"

तुला घाबरलेली मी त्या एकदाच पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम लवकर आलो. तू परातीपाशी होतीस, रोजच्यासारखी.

"उठलीस व्हय?"

"भरतीची पोरं धावून येत्यात न्हवं. उपाशी बसवू?" म्हणालीस आणि माझ्याकडं न बघता भाकरी परतलीस.

एवढंच. ना हसू, ना देवाची कृपा. रागानं तुला उठवलं आणि राग संपला तेव्हा पोरांच्या भुकेनं. या सरळ गोष्टीवर टाळ्या पडत नाहीत, म्हणून कोटवाल्यानं ती खोटी करून विकली.

पण सगळ्यांत जास्त किळस मला माझीच आली, अक्का. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. उठून "खोटं हाय ह्ये" म्हणायला काय लागलं असतं? कार्यक्रम संपल्यावर तुझा दीर खांद्यावर हात टाकून म्हणाला, "पाव्हनं, कसं झालं भाषण?" आणि मी म्हणालो, "चांगलं झालं." चांगलं झालं! तुझा भाऊ म्हणवतो मी.

म्हणून एक शब्द देतो. पुढं कुणी तुला प्रेरणामूर्ती म्हणालं तर मी गप्प बसणार नाही. मग तो पुढारी असो की पुण्याचा वक्ता. आणि तू गेल्यापासून खानावळ बंद आहे, ती सोमवारी उघडतोय. दुकान दुपारनंतर बघेन. पीठ आणून ठेवलंय. माझ्या भाकऱ्या जाड होतील, कडेला चिरतील, पोरं नावं ठेवतील. ठेवू देत. जेवून जातील.

तुझा धाकटा भाऊ,
सिद्राम